शेवटच्या कडव्यातला पाहुणा

दुपारच्या बातम्या संपल्या की आमच्या दुकानात कुणी बोलायचं नाही, असा आत्याचा नियम आहे. गिऱ्हाइकानेसुद्धा नाही. पँट आखूड करायला आलेला एखादा साहेब काही सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात आत्या ओठांत टाचण्या धरूनच 'शूऽऽ' करते, आणि साहेब मुकाट्याने स्टुलावर उभा राहतो. कारण त्या वेळी सरकारी रेडिओवर 'ज्याचा त्याचा नाद' लागतो.

हा कार्यक्रम गाणी, सिनेमे, मालिका आणि त्यांच्यापायी खुळावलेल्या माणसांचा. निवेदिकेचा आवाज जरा बसलेला, म्हणून आत्याने तिचं नाव घोगरी ठेवलंय. घोगरी दर आठवड्याला कुठून कुठून एकेक नमुना शोधून आणते. अर्ध्यावर बंद पडलेल्या मालिकेचे शेवट स्वतःच लिहून एकमेकींना वाचून दाखवणाऱ्या बायका. एकाच खलनायकाची पोस्टरं जमवणारा दातांचा डॉक्टर. ती तो दवाखान्यात लावतो आणि वर विचारतो, पेशंट एवढे का घाबरतात? अंतराळवीरांचे पोशाख घालून लायब्ररीत जमणारे म्हातारे. त्यांच्यातल्या एकाची चंदेरी पँट आमच्याकडेच आखूड झाली होती. रेडिओवर त्याची मुलाखत लागली तेव्हा आत्याची मान दिवसभर ताठ होती.

मी असल्या लोकांना येडे म्हणते. चक्क तोंडावर म्हणते. गाणार दुसरं कुणीतरी, पैसा आणि नाव त्याचं, आणि हे आपले घरदार सोडून त्याच्या मागे. आत्या म्हणायची, "तुला नाही कळायचं. तुला कधी कशाचं वेड लागलंच नाही." हे मला झोंबायचं, कारण ते खरं होतं. तरी कार्यक्रम मी चुकवत नव्हते. हात कात्रीवर आणि कान रेडिओकडे, अशी माझी दुपार जायची. शिव्या घालायला तरी नीट ऐकायला नको का?

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी अगदी लहान होते. वडिलांनी मला आत्याच्या ओटीत घातलं आणि ते जहाजावर नोकरीला गेले. आत्याने लग्न केलं नाही. दुकान, मी आणि रेडिओ एवढ्यावर तिचा संसार झाला. गाण्यांची तिला विलक्षण ओढ, पण स्वतः कधी गायची नाही. कुणाच्या वाढदिवसाला सगळे गात असले तरी ही ओठ मिटून नुसत्या टाळ्या वाजवणार. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "माझा आवाज म्हणजे गंजलेली कात्री. कशाला सगळ्यांचे कान कापू?"

माझं मशीन विजेवरचं आहे. आत्या मात्र कॉलर शिवायची ती आपल्या जुन्या पायमशीनवरच. त्या मशीनचा पट्टा कधीकाळी तुटला होता तो तिने तारेने जोडला, आणि तो जोड चाकावरून गेला की दर फेऱ्याला 'टक्' वाजतं. खडखड, टक्. खडखड, टक्. नवा पट्टा घे म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "त्या टक्‌वर माझा पाय बसलाय." आणि तिचा दुसरा नियम, बोलण्याच्या नियमापेक्षाही कडक: टीप अर्धी सोडायची नाही. एकदा पाय खाली गेला की कापडाच्या टोकापर्यंत जायचं. आग लागली तरी आधी टीप पुरी करायची, मग ओरडायचं. मधे थांबलं की सांधा दिसतो, म्हणते.

तर त्या दुपारी आत्या कॉलर शिवत होती आणि घोगरी सांगत होती तिकीटवालीची गोष्ट.

तिकीटवाली म्हणजे नाट्यगृहाच्या खिडकीत तिकिटं विकणारी एक मुलगी. फार वर्षांपूर्वी एका दुपारी ती याच रेडिओवर थेट गायली. एकच गाणं. वर्षाच्या आत आजारपणात गेली. रेडिओने ते गाणं टेपवर घेतलं होतं, पण तेव्हा टेपा पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत होती. त्या टेपवर पुढे हवामानाच्या बातम्या चढल्या. हे सांगताना घोगरीने श्रोत्यांची माफी मागितली, जणू तिनेच ते पुसलं होतं. आज जगात त्या मुलीचा आवाज उरलाय तो फक्त कुणीतरी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवून घेतला म्हणून. कुणी ते माहीत नाही. त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं करत ते गाणं कुठल्या कुठे पोचलं. माणसं दरवर्षी एकत्र जमून ते म्हणतात. ज्यांना आपली भाषा येत नाही तीसुद्धा.

"आणि आता," घोगरी म्हणाली, "ऐका पाहुणा."

गाणं लागलं. वाद्यं थांबली. वाटलं, संपलं. तेवढ्यात ती एकटीच, काही साथ नसताना, शेवटचं कडवं गायला लागली. आणि तिच्या आवाजाखाली कुठूनतरी एक ताल आला. आखूड धाव, थांबणं. मग लांब धाव, थांबणं. पुन्हा आखूड. बस्स.

न बोलावता येतो म्हणून चाहते त्याला पाहुणा म्हणतात. तो कशाचा आवाज यावर त्यांच्यात भांडणं आहेत. कुणी म्हणतं आगगाडी, कुणी टाइपरायटर, कुणी म्हणतं तिचं काळीज. एक नर्स रेडिओवर सांगत होती, "पाहुणा आला ना, की तिचा आवाज असा भरून येतो! आधी एकटी असते. मग एकटी वाटत नाही. ड्यूटीवर फार वाईट दिवस गेला की मी तेवढंच ऐकते." मग घोगरीने एक ध्वनिमुद्रण लावलं. कुठल्याशा मोठ्या सभागृहात हजारो माणसं ते कडवं म्हणत होती आणि टाळ्यांनी पाहुणा वाजवत होती. आखूड, लांब, आखूड. एवढी माणसं, पण थांबायची तिथे सगळी एकदम थांबत होती.

मी 'येडे' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की दुकानातली खडखड बंद झालीय. आत्याचा पाय थांबला होता. कॉलर अर्धीच शिवलेली, सुई कापडात. उभ्या जन्मात मी हे पाहिलं नव्हतं.

"आत्या, काय झालं? बरं वाटत नाही का?"

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या.

"ती मी आहे," ती म्हणाली.

"कोण? तिकीटवाली?"

"मूर्ख आहेस का? पाहुणा."

मला आधी खरंच वाटलं नाही. मग मी तिच्या मशीनकडे बघितलं आणि कानात अजून वाजत असलेलं ते जुळवून पाहिलं. खडखड, टक्. कॉलरची एक आखूड बाजू, कापड वळव; लांब बाजू, पुन्हा वळव; दुसरी आखूड बाजू. लहानपणापासून मी हे रोज ऐकत आले होते. हजारो माणसं टाळ्या वाजवत होती ती एका कॉलरच्या टिपेवर. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि हातातली कात्री मी खाली ठेवली.

"दुसऱ्या दिवशी तुझी शाळा उघडायची होती," आत्या सांगायला लागली. "गिऱ्हाइकांचे कपडे आधी करता करता तुझा गणवेश राहिला. नुसती कॉलर बाकी होती. पण तिकिटं विकणारी एक पोर आज गाणार, असं रेडिओवर सकाळपासून सांगत होते, म्हणून मी थांबले. टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी ठेवला. तुला बजावलं, हूं की चूं करायचं नाही. वाद्यं थांबली, मला वाटलं झालं. पाय टाकला. आणि ती पुन्हा गायला लागली."

"मग थांबवायचं ना मशीन!"

आत्याने माझ्याकडे रोखून बघितलं. टीप अर्धी सोडायची नाही. दुसरी कुणीही बाई थांबली असती. शिंपीण थांबली नाही.

"त्या दुपारी एवढी जिवापाड आवडली मला ती. तिचं एकच गाणं, आणि त्यात मी खडखडाट करून ठेवला. पुन्हा ऐकवलं नाही गं मला. शेजारच्या मुलीला हवी होती, देऊन टाकली कॅसेट. नंतर ती गाणारी पोर गेल्याचं कळलं. मला वाटलं, रेडिओकडे आहे ना चांगलं, स्वच्छ. माझ्या एकटीचं खराब झालं." तिने डोळ्यांना हात लावला. "आणि आता हे सांगतायत की जगात तेवढंच आहे."

तेवढ्यात घोगरी म्हणाली, पुढच्या आठवड्यात चाहत्यांना स्टुडिओत बोलावलंय. नव्या तंत्राने पाहुण्याला गाण्यातून वेगळं काढता येतं. तिकीटवालीचा निव्वळ आवाज पहिल्यांदा ऐकवणार, आणि तोच यापुढे जपून ठेवायचा का, हे ठरवणार. पाहुणा कोण, हे कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

"लाव फोन," आत्या म्हणाली. "सांग, काढून टाका म्हणावं. एकदाचं सुटेन मी."

"अजिबात लावणार नाही," मी म्हटलं. "माणसं जीव टाकतात त्या आवाजावर, आणि तू पुसायला निघालीस?"

"तूच ना त्यांना येडे म्हणायचीस?"

फोन शेवटी तिनेच लावला.

स्टुडिओ म्हणजे काहीतरी भव्य असेल असं मला वाटलं होतं. निघाली एक बुटकी खोली, भिंतींना जाड कापड मारलेलं. आत्याने आत शिरताच ते चिमटीत धरून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "शिवण ढिली आहे." काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेला ध्वनितंत्रज्ञ बसला होता. भिंतीकडेने खुर्च्यांवर चाहते दाटीवाटीने बसलेले, सगळ्या वयांचे. एकीने स्वतःची ओळख करून दिली, ती रेडिओवर बोललेली नर्स. आणि घोगरी दिसायला अगदी लहानखुरी, किरकोळ अंगाची. त्या आवाजाची बाई मी किमान दुप्पट धरली होती.

"मावशी, इथे बसा," ती म्हणाली.

"मी हिची आत्या आहे," आत्याने बजावलं. "मावशी कुणाचीच नाही." पण बसली. घाबरली होती, हे तिच्या पायावरून मला कळत होतं. टेबलाखाली तो नसलेलं मशीन चालवत होता.

लाल दिवा लागला. घोगरीने विचारलं आणि आत्याने सगळं सांगितलं. गणवेश, कॉलर, माझी शाळा, काही लपवलं नाही. शेवटी हात जोडून म्हणाली, "तुमचं गाणं मी खराब केलं. मला माफ करा. ते काढून टाका."

मी चाहत्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. आगगाडी नाही, काळीज नाही. शाळेच्या शर्टाची कॉलर. संपली बिचाऱ्यांची मजा, असं मला वाटलं. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "ती मुलगी कुठाय?" आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि सगळी खोली माझ्याकडे असं बघायला लागली की मी उगाचच शर्टाची कॉलर सारखी केली.

"आधी स्वच्छ आवाज ऐकू," घोगरी म्हणाली आणि तिने काचेकडे खूण केली.

तिकीटवाली गायला लागली. काय सांगू! एवढ्या वर्षांची खरखर गेली होती आणि ती समोरच्या खुर्चीत बसून गात असल्यासारखी वाटत होती. आत्या डोळे मिटून ऐकत होती, तिचे गाल ओले झाले होते. शेवटचं कडवं आलं. ती एकटीच गायली. सुंदर गायली, आणि थांबली.

पण चाहते एकमेकांकडे बघत होते.

"भरून येणं कुठे गेलं?" नर्स म्हणाली. "तिचा आवाज तिथे भरून येतो. हा तर तसाच राहिला, बारीक."

"मी तिच्या आवाजाला हात लावलेला नाही," काचेपलीकडून तंत्रज्ञ म्हणाला. "रेडिओतून आलेलं सगळं या बाजूला आहे. खोलीतलं सगळं त्या बाजूला. हवं तर खोलीतलं नुसतं लावतो. मी पण अजून नीट ऐकलं नाहीये."

त्याने लावलं.

खडखड, टक्. आमचं मशीन. त्याच्यामागे आमची जुनी खोली. खिडकीखालून गेलेली सायकल, कुठेतरी आपटलेलं दार. आणि मशीनच्या अंगाला अंग लावून एक आवाज. शब्द नव्हते. मिटलेल्या ओठांतून येणारं गुणगुणणं होतं, खोल, भरदार. तिकीटवालीचीच चाल, जरा खालून धरलेली. कापड वळवायला मशीन थांबलं तरी ते थांबलं नाही. अखेरच्या स्वरापर्यंत गेलं आणि तिथे नुसतं उभं राहिलं.

मी तो आवाज ओळखला. ओळखला म्हणजे काय, तो रोजचाच होता! आत्या ओठांत टाचण्या धरून मशीन चालवते तेव्हा तो दुकानात असतोच. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो मशीनचा आवाज आहे.

टीप संपली. मग, इतकी वर्षं खरखरीत बुडून गेलेल्या आवाजात, एका लहान पोरीने विचारलं, "झाली?" आणि कुणीतरी प्रेमाने म्हटलं, "शूऽऽ."

टेप थांबली. घोगरीचं तोंड उघडंच होतं. नर्सने दोन्ही हात गालांवर दाबून धरले होते. मी कधी देवळात रडले नाही, कुणाच्या लग्नात नाही, पण तिथे मात्र माझा बांध फुटला. काय नशीब म्हणायचं त्या नाट्यगृहाच्या मुलीचं आणि आमच्या आत्याचं! कधी एकमेकींना भेटल्या नाहीत, आणि एवढी वर्षं जगभर दोघी मिळून गात होत्या. लोकांचा जीव जडला होता तो दोघींच्या आवाजावर, आणि दोघींतल्या एकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

"हे कोण गातंय?" आत्याने मला विचारलं.

"तू."

"काहीतरीच काय! मी कुठे गाते?"

"रोज गातेस," मी म्हटलं. "रोज गातेस गं बाई तू."

ती तंत्रज्ञाला म्हणाली, "पुन्हा लावा." त्याने लावलं. या वेळी तिने डोळे उघडे ठेवून ऐकलं. कापड हातात घेऊन टाका कसा पडलाय हे बघते ना, तशा चेहऱ्याने. आणि हळूहळू तो चेहरा बदलला. मी तिला कधी लहान पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी बहुधा पाहिलं.

"सुरात आहे की," ती पुटपुटली.

"मावशी," घोगरी म्हणाली, आणि या खेपेला आत्याने तिला टोकलं नाही. "आता तुम्ही सांगा. पाहुण्याला काढायचं का?"

सगळे वाट बघत होते. मीही बघत होते, आणि ती पुन्हा माफी मागायला लागली तर तिचं तोंड दाबायचं हे मी ठरवून टाकलं होतं.

"नको," आत्या म्हणाली. "ती टीप उसवू नका."

मग कुणी सुरुवात केली मला कळलं नाही. बहुतेक नर्सने. त्या बुटक्या खोलीत ते सगळे शेवटचं कडवं म्हणायला लागले. घोगरीसुद्धा, आपल्या बसलेल्या आवाजात, लाल दिव्यासमोर. टाळ्यांचा पाहुणा आला. आखूड. थांबणं. आणि लांब टिपेला माझ्या शेजारून तो आवाज निघाला, ओठ मिटलेलेच, पण टाचण्या नव्हत्या आणि मशीनही नव्हतं. चाहते गाता गाता तिच्याकडे वळले. कुणी थांबलं नाही.

मीही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात. कॉलर माझी होती ना. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं म्हणून पुसायला हात थांबवले, तर गुणगुणणं न सोडता आत्याने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. लांब टीप अजून पुरी झाली नव्हती.